नेटवर्क आणि मशीन लर्निंगमधली माझी पीएचडी: सगळे विचारतात ते प्रश्न

चौथं वर्ष चालू आहे. दर गणपतीत, दर लग्नात आणि ज्युनियर मुलामुलींच्या मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात आणि मी दर वेळी अर्धवट उत्तर देते, कारण एकतर समोरच्याला घाई असते नाहीतर मला. म्हणून एकदा बसून नीट लिहून काढलंय. लांब झालंय, पण हवा तो प्रश्न शोधून तेवढाच वाचलात तरी चालेल.

तू नक्की करतेस काय?

मोबाईलवर आपण व्हिडिओ बघतो तेव्हा तो एक सलग फाइल म्हणून येत नाही. त्याचे दोन ते चार सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या क्वालिटीत तयार करून सर्व्हरवर ठेवलेला असतो, अगदी धुरकट २४० पी पासून १०८० पी पर्यंत. पुढचा तुकडा कुठल्या क्वालिटीचा मागवायचा हे प्लेयर दर वेळी नव्याने ठरवतो. मोठा मागवला आणि तेवढ्यात नेट पडलं की चक्र फिरत बसतं, आणि घाबरून छोटेच मागवत राहिला तर नेट चांगलं असूनही पडद्यावरचे चेहरे ओळखू येत नाहीत. हा निर्णय कसा घ्यावा, तो घ्यायला मशीनला शिकवता येईल का, आणि विशेष करून गाडीत, घाटात, बोगद्यात, जिथे नेटवर्क मिनिटामिनिटाला बदलतं तिथे शिकवता येईल का, हे माझं काम. याच्या खालच्या थरात अजून एक प्रश्न आहे, सर्व्हरने पॅकेट (डेटाचे छोटे छोटे गठ्ठे) किती वेगाने सोडायची, त्याला कंजेशन कंट्रोल म्हणतात. माझ्या थीसिसचा अर्धा भाग त्यावर आहे.

म्हणजे घरचं वायफाय दुरुस्त करून देशील?

काकू, देईन. राऊटर टीव्हीच्या मागून काढा आणि जरा उंचावर, उघड्यावर ठेवा, बऱ्याच घरांत तेवढ्यानेच फरक पडतो. पण पीएचडी त्यातली नाहीये.

नेट स्लो होतं म्हणजे आत काय होतं?

यात लोक दोन गोष्टी एकत्र करतात, वेग आणि उशीर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. रत्नागिरी ते मुंबई धरा साडेतीनशे किलोमीटर, जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंद झाले. मग गावाहून मोबाईलवर पिंग मारला (छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं) की चाळीस-पन्नास मिलिसेकंद का येतात? कारण बाकीचा वेळ अंतरात जातच नाही. फोनला टॉवरकडून बोलायची पाळी मिळेपर्यंत थांबावं लागतं, मधल्या राऊटरमध्ये रांगा असतात, आणि ट्रॅफिक कधीकधी सरळ रस्त्याने न जाता लांबून फिरून येतं.

रांग स्वतः बघायची असेल तर एक करून बघा. कॉम्प्युटरवर पिंग चालू ठेवा, आकडे नीट येत असतील, आणि मग त्याच कनेक्शनवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. बऱ्याच घरगुती कनेक्शनवर पिंगचे आकडे भराभर चढायला लागतात, तिसाचे तीनशे होतात, कधी त्याच्याही वर जातात. एकही पॅकेट हरवलेलं नसतं, सगळी राऊटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) एकामागे एक उभी असतात आणि तुमचं बिचारं छोटंसं पिंग सगळ्यांच्या मागे. याला बफरब्लोट म्हणतात. घरात एकाने फोटो बॅकअपला टाकले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता रांग भरून वाहायला लागली की पॅकेट पडतात, ज्याची पडली तो परत पाठवतो, सगळेच परत पाठवायला लागले की रांग अजून भरते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधल्या लिंकवर नेमकं हेच झालं, अंतर जेमतेम ४०० यार्ड आणि वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. चाळीस बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं! व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावून १९८८ मध्ये जो उपाय मांडला (हळूहळू वेग वाढव, पॅकेट हरवलं की एकदम कमी कर) त्याचेच वंशज आजही आपल्या फोनमध्ये चालू आहेत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वर्षानुवर्षं डिफॉल्ट असलेला क्युबिक त्याच घराण्यातला. गूगलने २०१६ मध्ये आणलेला बीबीआर जरा वेगळा विचार करतो, तो पॅकेट हरवायची वाट बघत नाही, लिंकचा वेग आणि कमीत कमी उशीर मोजून त्यावरून ठरवतो.

मला या सगळ्यात अजूनही भारी वाटतं ते हे की पाठवणाऱ्याला मधला रस्ता दिसतच नसतो. किती लोक त्या रस्त्यावर आहेत, कुठे अरुंद आहे, काही माहीत नाही. फक्त पोच येते किंवा येत नाही, आणि तेवढ्यावर अख्खं इंटरनेट स्वतःला सांभाळून घेतं.

मग यात मशीन लर्निंग कशाला आणलं?

कारण माणसाने लिहिलेले नियम एका प्रकारच्या नेटवर्कला चांगले बसतात आणि दुसऱ्यावर गडबडतात. २०१३ मध्ये एमआयटीच्या कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन (हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी) यांनी रेमी नावाचं काम केलं, नेटवर्क साधारण कसं असेल आणि आपल्याला काय हवंय एवढं कॉम्प्युटरला सांगायचं आणि नियम त्यानेच शोधायचे. मग २०१७ मध्ये एमआयटीमधूनच पेन्सिव्ह आलं, व्हिडिओच्या क्वालिटीसाठी. त्यात रीइन्फोर्समेंट लर्निंग होतं, म्हणजे मॉडेल हजारो वेळा खोटा खोटा व्हिडिओ बघतं, चित्र चांगलं आलं की मार्क मिळतात, अडकला की मोठे मार्क कापले जातात, सारखी क्वालिटी वरखाली केली तरी थोडे कापले जातात, आणि हळूहळू त्याला जमायला लागतं. मी एमटेकला असताना तो पेपर पहिल्यांदा वाचला आणि आपल्याला हेच करायचंय असं तेव्हा ठरलं.

आणि ते खरंच चालतं का?

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझं सगळं काम या प्रश्नावर उभं आहे.

स्टॅनफर्डच्या लोकांनी पफर नावाची साइट काढली, अमेरिकेतल्या लोकांना फुकट टीव्ही चॅनल बघायला मिळायचे आणि मागे प्रत्येक प्रेक्षकाला चिठ्ठ्या टाकल्यासारखा वेगवेगळा अल्गोरिदम मिळायचा, त्याला न सांगता, औषधाच्या ट्रायलसारखं. २०२० मध्ये त्यांनी निकाल छापले. ६३,५०८ प्रेक्षक, मिळून ३८.६ वर्षांचा व्हिडिओ. आणि काय निघालं, तर सिम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या खोट्या नेटवर्कवर) पहिला नंबर काढणाऱ्या शिकवलेल्या मॉडेलांना खऱ्या इंटरनेटवर एका साध्या पद्धतीला हरवणं जड गेलं, आणि ती साधी पद्धत म्हणजे काय तर फक्त प्लेयरच्या बफरकडे, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेल्या व्हिडिओकडे बघायचं, साठा भरपूर असेल तर मोठा तुकडा मागव, कमी असेल तर छोटा. बस.

हा पेपर वाचून आमच्या लॅबमध्ये दोन दिवस वाद चालू होता. काही जण म्हणाले मशीन लर्निंगचा विषयच संपला. मला तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही, कारण त्याच पेपरात त्यांनी फुगू नावाची स्वतःची पद्धत दिली होती आणि ती बाकीच्यांच्या पुढे गेली. फुगूमध्ये मॉडेलकडे एवढंच काम आहे, हा तुकडा पोचायला किती वेळ लागेल याचा अंदाज सांग, तोही एक आकडा नको, कुठल्या वेळेची किती शक्यता आहे ते सांग. निर्णय जुन्या पद्धतीचा कंट्रोलर घेतो. अंदाज बरोबर होता की चूक हे काही सेकंदांत कळतं आणि शिकायला लागणारा डेटाही त्याच साइटवरच्या खऱ्या प्रेक्षकांकडून रोज येतो. मॉडेलला छोटं आणि लगेच तपासता येईल असं काम द्यायचं आणि जिथे वापरायचंय तिथल्याच डेटावर शिकवायचं, हे मी माझ्या प्रपोजलच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

तू ट्रेनमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन का फिरतेस?

आईचा आवडता प्रश्न. कारण असं की, पेन्सिव्ह नेटच्या वेगाच्या ज्या रेकॉर्डिंगवर शिकलं त्यात अमेरिकेतल्या ब्रॉडबँडचा डेटा होता आणि नॉर्वेतला थ्रीजीचा, ओस्लोच्या ट्राम, बस, मेट्रो, फेरीबोटीत बसून गोळा केलेला. तो डेटा चांगलाच आहे, मेहनतीने जमवलेला आणि सगळ्यांना खुला ठेवलेला, जगभरच्या लॅबनी वापरलाय. पण त्यावर शिकलेल्या मॉडेलने कोकणात बरं चालावं अशी अपेक्षा आपण कुठल्या जोरावर करतो? शिवाय पेन्सिव्हच्या पेपरात रेकॉर्डिंग निवडताना एक चाळणी लावलेली होती, ज्याचा कमीत कमी वेग ०.२ एमबीपीएसच्या वर आहे तीच घ्यायची. त्यांचं कारण पटण्यासारखं आहे, नेटच नसेल तर कुठली क्वालिटी निवडायची हा प्रश्नच उरत नाही. पण त्या चाळणीत आमचा अख्खा प्रवास खाली पडतो.

म्हणून मी दिवा–सावंतवाडी गाडीने फिरते. फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला, मुंबईतला आमचा सर्व्हर पॅकेट सोडत राहतो, आणि इकडे फाइलमध्ये एकेक ओळ पडत जाते, कुठल्या क्षणी किती बाइट आले. उक्षी स्टेशन सुटलं की मी खिडकीतून बघणं बंद करते आणि स्क्रीनकडे बघते, कारण पुढे करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा. आधी ओळी दाट पडत असतात, मग विरळ होतात, मग शेवटची एक ओळ पडते आणि कर्सर नुसता लुकलुकत राहतो. पाच-सहा मिनिटं. डब्यातले सगळे फोन खाली ठेवतात, कोणीतरी डबा उघडतं.

खरी गंमत बाहेर आल्यावर. पुढच्या भोके स्टेशनच्या बाजूला उजेड दिसतो, फोनवर रेंजचे दांडे येतात, आणि तरी फाइलमध्ये एकही ओळ पडत नाही! पहिल्यांदा मला वाटलं स्क्रिप्ट बंद पडली. नंतर सर्व्हरच्या बाजूचं रेकॉर्डिंग बघितल्यावर कळलं. टीसीपीला (पॅकेट पोचवायचं काम सांभाळणारी सॉफ्टवेअरची यंत्रणा) पोच मिळाली नाही की तो थांबून परत पाठवतो, पुन्हा नाही मिळाली तर दुप्पट थांबतो, मग त्याच्या दुप्पट, लिनक्समध्ये हे थांबणं १२० सेकंदांपर्यंत वाढू शकतं. पाच मिनिटांचा बोगदा म्हणजे तोवर तो एका वेळी दीड-दोन मिनिटं गप्प बसायच्या पायरीवर पोचलेला असतो. नेटवर्क परत आलंय हे त्याला सांगायला कोणी नाही. आपण वैतागून रिफ्रेश मारतो आणि लगेच चालू होतं, कारण नवीन कनेक्शन उघडतं आणि त्या नव्याला बोगद्याची आठवण नसते. नीट लिहिलेली ॲप्स हे आपणहून करतात, सगळी करत नाहीत. माझ्या थीसिसचा तिसरा चॅप्टर याच दीड मिनिटावर आहे.

लोकांचे मेसेज वाचता का तुम्ही?

नाही. मी फक्त माझ्या फोनचं आणि माझ्या सर्व्हरचं बोलणं रेकॉर्ड करते, आत मजकूर म्हणून निरर्थक बाइट असतात. दुसऱ्या कोणाचा फोन वापरायचा असेल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी आणि त्या माणसाची लेखी संमती लागते. तसंही आज बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असतं, मधून बघणाऱ्याला आकार आणि वेळ दिसते, मजकूर नाही.

मोठे मोठे जीपीयू लागत असतील ना?

फारसे नाही, आणि ज्यांच्या कॉलेजात जीपीयू (मोठी मॉडेल शिकवायला वापरतात त्या चिप) नाहीत त्यांनी हे नीट वाचा. आमची मॉडेल छोटी असतात. भाषेच्या मॉडेलशी तुलनाच नको. वेळ जातो तो सिम्युलेशनमध्ये, आणि ते साध्या सीपीयूवर चालतं. मॉडेल छोटं ठेवायला दुसरं कारणही आहे, कंजेशन कंट्रोलचा निर्णय काही मिलिसेकंदांत घ्यावा लागतो आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) दशांशाची गणितं सहसा करतच नाहीत, त्यामुळे मॉडेल बाहेर यूजर स्पेसमध्ये (जिथे साधी ॲप्स चालतात) चालवायचं आणि कर्नलशी बोलत राहायचं असा कारभार असतो.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?

घड्याळात. दुसऱ्या वर्षी माझं मॉडेल उशिराचा अंदाज इतका छान सांगायला लागलं की मी गाईडना आनंदाने ग्राफ दाखवायला गेले. सरांनी ग्राफ बघितला, काही बोलले नाहीत, म्हणाले कच्ची फाइल उघड. आम्ही ओळी खाली सरकवत गेलो आणि एका ठिकाणी उशीर उणे ३ मिलिसेकंद होता. म्हणजे पॅकेट पाठवायच्या आधीच पोचलेलं. लॅपटॉपचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ हळूहळू एकमेकांपासून सरकत होतं, रेंज आली की लॅपटॉप स्वतःला दुरुस्त करून घ्यायचा आणि पुन्हा सरकायला लागायचा, आणि माझ्या हुशार मॉडेलने नेटवर्क सोडून हे सरकणंच शिकून घेतलं होतं. अडीच महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. त्यानंतर मी एका बाजूचा उशीर मोजणं सोडलं, जाऊन-येऊन वेळ एकाच घड्याळावर मोजते, आणि कुठलाही ग्राफ काढायच्या आधी कच्च्या फाइलच्या निदान दोनशे ओळी डोळ्यांनी वाचते. खूप रडले होते तेव्हा. सरांनी एवढंच सांगितलं की ही चूक पेपर छापून आल्यावर सापडली असती तर काय केलं असतंस.

पैसे किती मिळतात?

नेट-जेआरएफ (नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी ज्युनियर फेलोशिप) असेल तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर फेलो) झालात की ४२,०००, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप २०१८ मध्ये सुरू झाली, तिच्यात पहिली दोन वर्षं ७०,००० आणि मग वाढत जातात. कंपनीत गेलेल्या बॅचमेटशी तुलना केली तर कमीच आहेत, हे घरी आधीच स्पष्ट सांगून ठेवा. आणि तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या, पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून मेसचं बिल थकलेले मित्र मी बघितलेत.

मराठी मीडियमवाल्याला जमेल का?

मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, जिल्हा परिषदेची शाळा. गणित मराठीतून झालं याचा मला कधीच तोटा झाला नाही, संभाव्यता म्हणा की प्रोबॅबिलिटी म्हणा, नाणं तसंच पडतं. इंग्रजी लिहायला मात्र वेळ लागला, पहिल्या पेपरचा मसुदा सरांनी अकरा वेळा परत पाठवला. एक सवय मला उपयोगी पडली ती सांगते, कुठलाही सेक्शन लिहायच्या आधी मी तो आईला फोनवर मराठीत सांगते. तिला कळलं नाही तर बहुतेक वेळा मलाच नीट कळलेलं नसतं.

गणितात प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स आणि लिनिअर अल्जेब्रा पक्कं करा. स्टॅटिस्टिक्स सगळ्यात आधी. पफरच्या पेपरात त्यांनी दाखवलंय की नेटवर्कचा डेटा इतका उड्या मारणारा असतो की वर्षभराचा व्हिडिओ हाताशी असूनही दोन पद्धतींत खरा फरक आहे की नशिबाचा खेळ हे सांगणं कठीण जातं, आणि आपण पाच रन करून सरासरी काढून मोकळे होतो.

बीईला आहे, आत्तापासून काय शिकू?

वायरशार्क (पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि एखादी साधी वेबसाइट उघडताना काय काय पॅकेट जातात ते एकेक करून वाचा, एक संध्याकाळ पूर्ण द्या त्याला. मग लिनक्सवर टीसी नेटेम हे टूल वापरून मुद्दाम १०० मिलिसेकंद उशीर घाला, दोन टक्के पॅकेट पाडा, आणि आयपर्फने वेग मोजा. क्युबिक आणि बीबीआर दोन्ही लावून बघा, फरक हाताला लागेल. हे सगळं जुन्या लॅपटॉपवर होतं आणि फुकट आहे. पायथन येत असेलच, सी पण शिका. नंतर एनएस-थ्री (नेटवर्कचा सिम्युलेटर) आणि माहीमाही (रेकॉर्ड केलेलं नेटवर्क परत चालवून बघायचं टूल). मशीन लर्निंगचे कोर्स सगळेच करतात, पॅकेट बघितलेली मुलं कमी सापडतात. आणि जमलं तर जानेवारीत बंगळुरूला कॉमस्नेट्स ही नेटवर्कवरची कॉन्फरन्स असते तिथे एकदा जाऊन या, पोस्टरपाशी उभे राहून बिनधास्त प्रश्न विचारा, कोणी हसत नाही.

पेपर रिजेक्ट होतात तेव्हा काय करतेस?

सिगकॉम, एनएसडीआय या मोठ्या कॉन्फरन्स, तिथे बहुतेक पेपर परतच येतात. माझा एक तीनदा परत आलाय. पहिल्या दिवशी रिव्ह्यू उघडत नाही. दुसऱ्या दिवशी वाचते. एका रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की नेटच नसलेले भाग काढून टाकले तर निकाल जास्त स्वच्छ दिसतील. ते वाचून राग आला होता, पण त्यातून हेही कळलं की ते भाग का ठेवलेत हे मी पहिल्या पानावर सांगितलंच नव्हतं. आता सांगते.

आम्हाला डेटा गोळा करायला मदत करायची आहे, काय करू?

मनापासून आभार, आणि याची खरंच गरज आहे. मला सध्या आंबा घाट, भोर–महाड रस्ता, आणि मराठवाड्यातल्या रात्रीच्या एसटी हव्यात. संमतीचा फॉर्म भरला की मी ॲप पाठवते, अँड्रॉइड फोन चालेल, तासाला बराच डेटा जातो म्हणून रिचार्ज आम्ही करून देतो. फोन चार्ज करून घ्या, ॲप चालू करा आणि खिशात टाका, गाडी चालवत असाल तर हात लावू नका. आणि एक विनंती, रेंज गेली की बरेच जण कंटाळून ॲप बंद करतात किंवा फोन एरोप्लेन मोडवर टाकून परत काढतात, ते करू नका, रेकॉर्डिंग तसंच चालू राहू द्या. काहीच येत नाहीये असं दिसेल, पण मला ती रिकामी मिनिटंच हवी आहेत.